मोर्चा काढायचा, पण कुणावर?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या नांदणीच्या जैन मठाच्या महादेवी हत्तिणीसाठी लोक रस्त्यावर आले म्हणून सरकार हललं, तसंच पुण्यातल्या कात्रजच्या प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्यांसाठीही करू, असं काही जण म्हणतात. हललं खरं, पण कधी? 2025च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने मठाला दाद दिली नाही आणि हत्तीण गुजरातेतल्या वनतारा या प्राणी केंद्रात गेली, त्यानंतर! मग सरकारलाही पुन्हा कोर्टाचीच वाट धरावी लागली. शिवाय लोकांचा जीव जडतो तो नाव असलेल्या प्राण्यावर. चितळांच्या कळपात लाळ्या-खुरकूतासारखी साथ शिरली तरी कोण सह्या गोळा करतो?

कात्रजचं प्राणिसंग्रहालय पुणे महापालिकेचं. खंदक, पिंजरे, पशुवैद्यक यांसाठी नगरसेवकाला गाठायचं ते अंदाजपत्रक मंजूर व्हायच्या आधी. नंतर नुसती आश्वासनं मिळतात. वाघ किंवा हत्ती दुसरीकडे हलवायचा असेल, तर मात्र केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते. तिथे महापौरांना निवेदन देऊन फक्त फोटो निघेल.