मदत हवी आहे: वर्गात न बोलणाऱ्या मुलीशी बाकीच्यांची गट्टी कशी जमवायची?

नमस्कार. मी पहिलीच्या वर्गाला शिकवते. वर्गातल्या एका मुलीला सिलेक्टिव्ह म्युटिझम आहे. घरी अखंड बडबड, शाळेत पाऊल टाकलं की आवाज बंद. हा हट्ट नाही, चिंतेचा विकार आहे (मानसिक विकारांच्या वर्गीकरणाची अमेरिकी पुस्तिका डीएसएम-५, तिच्या २०१३ च्या आवृत्तीतही तो चिंताविकारांतच धरलाय). तज्ज्ञांकडे उपचार सुरू आहेत. माझी अडचण आहे ती बाकीच्या मुलांची.

कोणी तिच्याशी बोलायला गेलं की दोघं-तिघं लगेच ओरडतात, "ती बोलतच नाही!" एक मुलगी तर तिची प्रवक्तीच झाली आहे, हिला लाल खडू हवा की निळा, तेसुद्धा तीच सांगते. माया आहे त्यात, पण मग हिला तोंड उघडायची गरजच उरत नाही. परवा खेळताना हिच्या तोंडून हळूच "आता मी" निघालं, तर पोरांनी टाळ्याच वाजवल्या. झालं, पुन्हा चिडीचूप.

ठोकळे, चित्रं अशा खेळांत एखाद्याच मैत्रिणीबरोबर ती छान रमते, म्हणून तशी जोडी लावते.

तर, सहा वर्षांच्या मुलांना हे तुम्ही कोणत्या शब्दांत सांगितलंत? ती वर्गात असताना की नसताना? तिच्या आईला विचारून, नाव न घेता "कुणाला अंधाराची भीती वाटते, तशी कुणाला बोलायची" असं सांगावं म्हणते. चालेल का? आणि त्या प्रवक्तीबाईंना न दुखवता आवरायचं कसं? "बोललीस तर चॉकलेट" छापाचे सल्ले कृपया नकोत.