घरचा ग्रुप: आईला समुद्र दाखवायचाय

रविवार, रात्री

अक्का: एजंटनं केरळचा प्लॅन पाठवलाय. कोची, मुन्नार, थेक्कडी, अलेप्पीला हाऊसबोट, मग कोवळम आणि शेवटी कन्याकुमारी. सहा रात्री, सात दिवस. दिवाळीच्या सुट्टीत निघायचं. सगळ्यांनी बघून उद्यापर्यंत कळवा, टोकन द्यायचंय.

वहिनी: वन्सं, छान आहे की. मला मुन्नारचे चहाचे मळे बघायचेतच.

दादा: तुम्ही जाऊन या. दिवाळीत सोयाबीन घरात यायचं असतं, मग हरभऱ्याची पेरणी. माझं जमायचं नाही.

मी: अक्का, टोकन देऊ नको अजून. मी दोन दिवस नकाशा घेऊन बसलोय. कोचीहून मुन्नार चार तास, तोही घाट. तिथून थेक्कडी तीन तास, मग अलेप्पी परत चार, कोवळम चार, कन्याकुमारी तीन. सात दिवसांतले अठरा-वीस तास गाडीतच जातात. आईचे गुडघे तुला माहीत आहेत. औशाहून लातूरला आली तरी उतरल्यावर पाच मिनिटं दाराला धरून उभी राहते.

मी: आणि मुळात निघालोय कशासाठी? आई बहात्तर वर्षांची झाली. पंढरपूर झालं, तुळजापूर झालं, काशी झाली, पण समुद्र तिनं बघितलेला नाही. श्रावणात भाजी निवडता निवडता तिनं मला एवढंच विचारलं होतं, "समुद्राचा पल्याडचा काठ दिसत नाही म्हणतात, खरंय का रे?" माझ्यासाठी ट्रिप तिथंच ठरली. मला तिला पाण्याजवळ नेऊन निवांत बसवायचंय.

अक्का: ते मलाही कळतं रे. पण एवढ्या लांब जायचं आणि एकच ठिकाण बघून यायचं?

मी: एकच जिल्हा म्हण, अलेप्पी. तिथं समुद्रही आहे आणि बॅकवॉटरही, म्हणजे किनाऱ्यामागची सरोवरं आणि कालवे. दोन रात्री मरारीच्या किनाऱ्यावर, दोन रात्री कुट्टनाडात कालव्याकाठच्या घरी, शेवटची रात्र कोची. एवढंच.

भाची: मामा, वर्कला घ्या ना! समुद्राला लागून उंच लाल कडा आहे, फोटो बघा.

मी: बघितले बाळा, फार सुंदर आहे. पण कड्यावरून वाळूत उतरायला पायऱ्या आहेत. आजी वरूनच बघत बसेल आणि पाय भिजायचे राहतील. अलेप्पीचा किनारा सपाट आहे, रस्ता थेट वाळूपर्यंत जातो. दीडशे वर्षांहून जुन्या लोखंडी धक्क्याचे खांब अजून पाण्यात उभे आहेत. मरारी तिथून दहा-बारा किलोमीटरवर, माडांची रांग आणि कोळ्यांच्या होड्या, गर्दी कमी.

दाजी: दिवाळीबद्दल माझा आक्षेप आहे. केरळात पाऊस दोनदा येतो. जूनच्या सुरुवातीला येतो तो आपलाच मोसमी पाऊस. परतीचा ऑक्टोबर-नोव्हेंबरात, त्याला ते लोक तुलावर्षम म्हणतात. सकाळी ऊन आणि दुपारनंतर विजांसकट पाऊस. किनाऱ्यावर संध्याकाळच मिळायची नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी हाच खरा काळ.

वहिनी: डिसेंबरात येळवस असते. आमच्याकडं ती चुकवून कुणी कुठं जात नाही. आंबील, भज्जी, शेतातलं जेवण, पाहुणे. ह्यांना त्या दिवशी शेतातून हलवणं शक्य नाही.

मी: वहिनी, येळवस होऊ द्या, तूर निघू द्या. १४ जानेवारीला शबरीमलईची मकरज्योत असते. तोवर तिकडच्या गाड्या अय्यप्पाच्या भक्तांनी भरलेल्या असतात. त्यानंतर गर्दी ओसरते. २६ जानेवारीला शाळेत झेंडावंदन करायचं आणि रात्री लातूरहून निघायचं.

दादा: तारीख चांगली काढली. पण माझं नाव धरू नका.

सोमवार

अक्का: रात्री झोप नाही लागली. मुन्नार काढा. माझे आग्रह आईच्या गुडघ्यापेक्षा मोठे नाहीत. पण हाऊसबोट पाहिजे. तेवढी एक रात्र मागते.

मी: अक्का, तू मनापासून मागितलंस म्हणून सगळं सांगतो. बोट सुंदरच असते. तिचं नाव केट्टुवळ्ळम, म्हणजे बांधलेली नाव. फळ्या खिळे न मारता काथ्यानं शिवलेल्या. पूर्वी यातून तांदूळ आणि मसाले कोचीला जायचे. रस्ते झाले, माल ट्रकनं जायला लागला, आणि त्याच नावांवर खोल्या चढल्या.

मी: पण रात्रीचा हिशेब बघ. दुपारी बारा-साडेबाराला चढायचं, साडेपाचच्या सुमारास बोट काठाला बांधतात, कारण त्यानंतर मच्छीमार जाळी टाकतात. म्हणजे रात्रभर बोट उभीच. सकाळी तासभर फिरवून नऊला उतरवतात. एसी बहुतेक ठिकाणी रात्री नऊ ते सकाळी सहा. दोन खोल्यांच्या बोटीला मला चौदा हजार सांगितले, आपण आठ जण म्हटल्यावर दोन बोटी लागतील किंवा चार खोल्यांची मोठी. आणि मोठी बोट अरुंद कालव्यात जात नाही. घरं, शाळा, धुणं, बदकांचे कळप हे सगळं त्या कालव्यांवर.

मी: म्हणून म्हणतो, रात्री काठावरच्या घरात राहू आणि हाऊसबोट दिवसाची घेऊ, सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच. जेवण बोटीवरच. दुसऱ्या दिवशी पहाटे लहान शिकारा घेऊन कालव्यांत जाऊ. आणि सरकारी बोटही आहे, अलेप्पी ते कोट्टायम. अडीच तासांच्या आसपास लागतात, तिकीट अगदी थोडं, शाळेची पोरं आणि बाजारहाट करणाऱ्या बायका त्यातूनच जातात. आपली एसटी समजा, पाण्यावरची. मला सगळ्यात जास्त ओढ तिचीच आहे.

अक्का: दिवसाची चालेल. पण आईला बोटीत चढता येईल ना?

मी: फळीवरून चढावं लागतं, दोघं धरायला लागतात. मी आधीच सांगणार आहे की एकमजली बोट द्या, वर चढायचा जिना नको, आणि संडास कमोडचा पाहिजे.

दाजी: लाइफ जॅकेट माणशी एक आहे का ते बोटीत पाय ठेवायच्या आधी मोजा. मे २०२३ मध्ये मलप्पुरम जिल्ह्यात तानूरला पर्यटकांची बोट उलटली, २२ जण गेले, त्यात लहान मुलं किती होती. क्षमतेपेक्षा जास्त माणसं भरली होती आणि अंधार पडल्यावर बोट निघाली होती. परवाना दाखवा म्हणायला लाजायचं नाही.

मी: मोजणार दाजी. शिकाऱ्यातही.

सोमवार, संध्याकाळी

दादा: त्या कुट्टनाडात पीक कोणतं असतं?

मी: भात. आणि दादा, ती शेती समुद्रसपाटीच्या खाली आहे. काही ठिकाणी दोन-तीन मीटर खाली.

दादा: खाली म्हणजे? पाणी आत येत नाही?

दाजी: येतं ना. म्हणून चिखलाचे बांध घालून मोठमोठे तुकडे केलेत, त्याला पाडशेखरम म्हणतात. पावसाळ्यात तो तुकडा तळ्यासारखा भरतो. पावसाळा सरला की शेतकरी मिळून पंप लावतात आणि पाणी बाहेर कालव्यात फेकतात. मग पेरणी. फेब्रुवारी-मार्चमध्ये कापणी. बोटीतून जाताना नदी वर आणि शेत खाली दिसतं. मी पाटबंधाऱ्यात आयुष्य काढलं, पण ते बघायचं राहिलं. जगातल्या जपण्यासारख्या शेतीपद्धतींमध्ये २०१३ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेनं तिची नोंद केली.

दादा: आपण विहिरीतून पाणी शेतात ओढतो, ते शेतातून पाणी बाहेर ओढतात.

दादा: आणि समुद्र जवळ म्हणजे पाणी खारं असणार. खाऱ्या पाण्यात भात कसा येतो?

दाजी: खरा प्रश्न विचारलात. वेंबनाड सरोवर लांबीनं देशात पहिलं, शहाण्णव किलोमीटर. उत्तरेला कोचीजवळ ते समुद्राला मिळतं आणि उन्हाळ्याकडं खारं पाणी तिथून आत सरकतं. ते अडवायला १९७० च्या दशकात तण्णीरमुक्कमला आडवा बंधारा बांधला. पावसाळ्यात दारं उघडी, भाताच्या दिवसांत साधारण डिसेंबरपासून बंद. भात वाचतो. पण खारं पाणी आत आलं नाही की मासे आणि शिंपले कमी होतात, पाणी साचून जलपर्णी वाढते. मच्छीमार म्हणतात लवकर उघडा, शेतकरी म्हणतात थांबा. दोघांचंही पोट त्यावर आहे.

दादा: म्हणजे आपल्यासारखंच. जायकवाडीचं पाणी वरच्यांनी सोडायचं की नाही, दर वर्षी तेच.

काकू: आणि पूर आला तर तिथं काय होत असेल? २०१८ ला टीव्हीवर बघितलं होतं.

मी: सगळं कुट्टनाड पाण्याखाली होतं काकू. माणसं शिबिरांत. समुद्रावरच्या मच्छीमारांनी आपल्या होड्या ट्रकवर घालून आणल्या आणि हजारो लोकांना बाहेर काढलं.

आई (व्हॉइस मेसेज, मी लिहून काढलाय): "सगळं ऐकलं मी. एवढं पाणी दारात, तर बायकांना पाणी भरायला जावं लागत नसंल, नाही का? आपल्या लातूरला रेल्वेनं पाणी आलं तेव्हा मी रात्री दोनला टँकरची वाट बघत बसायची. चार घागरी मिळाल्या तर देवाला हात जोडायची."

मी: आईसाठी लिहितो, छोटी वाचून दाखवेल. एप्रिल २०१६ ची गोष्ट, मिरजेहून पहिली गाडी आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आई, कुट्टनाडातल्या बायकांचं दुःख वेगळं आहे. पाणी चारी बाजूंनी, पण ते पिण्यासारखं नाही. खारटपणा, शेतातली औषधं, बोटींची घाण. पिण्याचं पाणी नळाला आलं तर आलं, नाहीतर विकत घ्यायचं.

आई (व्हॉइस मेसेज): "मग आपण त्यांच्या घरी राहिलो तरी पाणी जपूनच वापरायचं. बादली भरून आंघोळ नको. एक तांब्या, एक बादली अर्धी. पोरांना सांगून ठेव."

भाची: आज्जी, आणि प्लॅस्टिकची बाटली पाण्यात टाकायची नाही. मी घरून स्टीलच्या बाटल्या भरून घेते, तिथं परत भरू.

मंगळवार

वहिनी: जेवणाचं काय? माय माळकरी. तिथं बोटीवर मासे असतात म्हणे.

मी: करीमीन नावाचा मासा तळून देतात, ज्यांना खायचाय त्यांनी वेगळ्या टेबलावर खा. आईसाठी शाकाहारी आधी सांगून ठेवलं की करतात. अप्पम, पुट्टू आणि काळे चणे, अवियल, सांबार. फोडणी खोबरेल तेलाची आणि भात जाड तांबूस, मट्टा तांदळाचा. आईला तो दोन दिवस जाईल, तिसऱ्या दिवशी भाकरी आठवेल.

वहिनी: मी धपाटे आणि दशम्या करते, प्रवासात चार दिवस टिकतात. शेंगाची चटणी, लिंबाचं लोणचं. येसर पण देते बांधून. काठावरच्या घरी चूल मिळाली तर गरम पाण्यात येसराची आमटी होईल.

काकू: देवदर्शन एक तरी पाहिजे बाबा.

मी: अलेप्पीपासून चौदा-पंधरा किलोमीटरवर अंबलप्पुळा, कृष्णाचं जुनं मंदिर. तिथला प्रसाद पालपायसम, दूध-तांदळाची खीर, साऱ्या केरळात नावाजलेली. गोष्ट अशी सांगतात की देव म्हाताऱ्याच्या रूपात राजाशी बुद्धिबळ खेळला. जिंकला तर पहिल्या घरात एक तांदूळ, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं चौसष्टाव्या घरापर्यंत मागितलं. राज्यातलं सगळं धान्य संपलं तरी देणं फिटेना. मग देव म्हणाला, रोज खीर वाटून फेडत राहा. ते देणं अजून चालू आहे. पुरुषांनी शर्ट काढून आत जायचं असतं, दाजी, दादा, धोतर घ्या बरोबर.

आई (व्हॉइस मेसेज): "म्हणजे देवानं सगळ्या गावाला जेवायला घालायची युक्ती काढली. तिथं न्या मला."

दाजी: तिकिटाचं सांगा. आरक्षण आता साठ दिवस आधीच उघडतं.

मी: २६ ला रात्री लातूर-मुंबई. २७ ला लोकमान्य टिळक टर्मिनसवरून नेत्रावती एक्सप्रेस. ती कोकणातून जाते आणि थेट अलेप्पीला थांबते. तिकिटावर अलप्पुळा लिहिलेलं असेल, घाबरू नका. उजेड असेपर्यंत कोकणातले बोगदे आणि पूल दिसतील. येताना कोची ते हैदराबाद विमान, मग गाडीनं लातूर. २७ जानेवारीचं तिकीट २८ नोव्हेंबरला सकाळी आठला उघडेल. आई आणि काकू दोघींचं वेगळं काढणार, ज्येष्ठांच्या कोट्यात खालचा बर्थ मिळायला एका तिकिटावर दोनपेक्षा जास्त माणसं चालत नाहीत.

अक्का: एजंटला नाही कळवलं. आईला पहिल्या दिवशी संध्याकाळीच किनाऱ्यावर न्यायचं, सामान खोलीत टाकून. मी तिचा हात धरणार, हे आत्ताच सांगून ठेवते.

मी: धर. दुसरा हात माझा.

काकू: तिला आत नेऊ नका फार. घोट्यापर्यंत पाणी.

मी: घोट्यापर्यंतच काकू. जीवरक्षक उभा असेल तिथंच, लाल झेंडा असला तर वाळूतच बसू.

मंगळवार, रात्री

दादा: गडी आठेक दिवस सांभाळतो म्हणाला. म्हशीचं शेजारच्या तात्याकडं सांगितलं.

दादा: ते पाणी बाहेर काढायचे पंप कुठं बघायला मिळतात ते विचारून ठेव. आणि आधारकार्डाचा फोटो टाकलाय, माझा पण.