मुलींच्या पथकात कार्यकर्ते घेताना ‘ओळखीचे आहेत’ एवढं पुरे का? (चर्चा)

रामबागकर

उन्हाळी शिबिरांची जुळवाजुळव लवकरच सुरू होईल, म्हणून आत्ताच विषय काढतो. इंदुरात रामबागेपासून सुदामा नगर, राजेंद्र नगरपर्यंत मराठी मंडळींचे मुलींचे साप्ताहिक वर्ग, लेझीम-ढोलाचे सराव, निवासी शिबिरं हे सगळं बिनपगारी कार्यकर्त्यांच्या जिवावर चालतं. त्यांना घेताना चौकशी बहुधा एकच होते: कुणाकडचे? एखादं नातं निघालं, की वीस मुली त्या माणसाच्या हवाली.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे वर्षानुवर्षं एकच गोष्ट दाखवतात. पॉक्सोखालच्या (बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याखालच्या) बलात्काराच्या गुन्ह्यांत दहापैकी नऊहून अधिक वेळा आरोपी मुलीच्या ओळखीचा असतो. तेव्हा ओळख हा तपासणीला पर्याय नाही.

माझं मत असं की पोलीस सत्यापन (पोलिसांकडून पडताळणी) जरूर करावं, पण त्यावर विसंबू नये. त्याआधी एक पानी अर्ज भरून घ्यावा: सगळी नावं, गेल्या पाच वर्षांचे पत्ते, आधी जिथे जिथे मुलांसोबत काम केलं ती ठिकाणं. दोन संदर्भ मागावेत, दोन्ही नात्याबाहेरचे, आणि चिठ्ठी न घेता स्वतः फोन करावा. चिठ्ठीत सगळेच चांगले असतात. फोनवर ‘तुमच्या मुलीला यांच्यासोबत मुक्कामी पाठवाल का?’ असं विचारलं, की उत्तरापेक्षा उत्तराआधीचा अडखळा जास्त सांगतो. अर्जदाराने दिलेल्या नावांवर थांबू नये, आधीच्या संस्थेलाही आपण होऊन विचारावं. मुलाखत दोघांनी घ्यावी. मग तीन महिने नवा माणूस कोणत्याही गटाचा एकटा प्रमुख नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचं: कुठल्याही वेळी मुलींसोबत किमान दोन प्रौढ, एकमेकांच्या नात्यातले नसलेले. अमेरिकेतल्या गर्ल स्काउट्समध्ये चौथी-पाचवीच्या मुलींसाठी बैठकीला २५ पर्यंत आणि सहलीला १६ पर्यंत मुलींमागे असे दोन प्रौढ लागतात. सहलीत पुढच्या दर आठ मुलींमागे आणखी एक.

नर्मदातीर

रामबागकर, हेतू चांगला आहे, पण ही यंत्रणा दोनशे मुलींच्या संस्थेला शोभते. आपल्याकडची पथकं पंधरा-वीस मुलींची. रविवारी दोन तास, एक ताई, कधीमधी मदतीला कुणाची तरी आई. दोन प्रौढांचा नियम कडक लावलात तर दुसरी ताई आजारी पडली की वर्ग रद्द. तीनदा रद्द झाला की मुली येणं थांबवतात. त्या मुली मग घरी मोबाइलवर बसतात, तिथे त्यांची राखण कोण करणार?

दुसरं, बासष्ट वर्षांच्या निवृत्त शिक्षिकेला ‘पोलीस थाण्यातून सत्यापन आणा’ म्हटलं की ती बाई दुखावते. ज्यांच्याकडे वेळ आणि तळमळ दोन्ही आहे अशी माणसं आधीच मोजकी. कागद मागून तुम्ही प्रामाणिक माणसं गाळाल. ज्याच्या मनात वाईट आहे तो सगळे कागद व्यवस्थित आणून देईल, कारण त्याच्या नावावर अजून काही नोंदच नसते.

न्यायवाटा

शेवटचा मुद्दा अगदी बरोबर आहे. सत्यापनात नोंदवलेले गुन्हे दिसतात, तेही दिलेल्या नावावर आणि पत्त्यावर. २००२ साली इंग्लंडमधल्या सोहम गावात दहा वर्षांच्या दोन मुलींचा खून एका शाळेच्या रखवालदाराने केला. त्याच्यावर आधी दुसऱ्या जिल्ह्यात अनेक आरोप झाले होते. नोकरीच्या वेळी तपासणी त्याने लावलेल्या दुसऱ्या आडनावाने झाली आणि ते आरोप समोर आलेच नाहीत. आपल्याकडे लग्नानंतर बाईचं आडनाव बदलतं, पुष्कळदा नावही बदलतं. अर्जात माहेरचं पूर्ण नाव नसेल तर निम्मं आयुष्य तपासणीबाहेर राहतं. पुण्याहून किंवा उज्जैनहून आलेल्या माणसाचं फक्त इंदूरच्या पत्त्यावरचं सत्यापन पुरेसं समजू नका, जुना पत्ताही द्या. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदवही २०१८ पासून आहे, पण ती फक्त तपास यंत्रणांना दिसते. मंडळाला त्यात डोकावता येत नाही, म्हणून अर्ज पोलिसांमार्फतच. मध्य प्रदेश पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर चरित्र सत्यापनाची सोय आहे. शिक्षिकाबाईंना थाण्याच्या बाकावर ताटकळायला लागू नये म्हणून मंडळाने सगळ्यांचे अर्ज एकदम भरून द्यावेत, आणि पहिला अर्ज अध्यक्षांचा असावा. मग अपमानाचा प्रश्न बराचसा मिटतो.

आता कायदा. पॉक्सो नियम २०२० मधला तिसरा नियम मुलांच्या नियमित संपर्कात येणाऱ्या संस्थांना कर्मचाऱ्यांची ठरावीक काळाने पोलीस पडताळणी करायला सांगतो. त्यातला शब्द कर्मचारी असा आहे, त्यामुळे बिनपगारी कार्यकर्त्यांना तो लागू नाही असा युक्तिवाद होऊ शकतो. तो करू नये. मुलीच्या दृष्टीने पगारी आणि बिनपगारी यांत फरक नसतो, आणि विश्वासाच्या वा अधिकाराच्या जागी असलेल्या माणसाने केलेला लैंगिक हल्ला कायदा अधिक गंभीर मानतो.

जुनी इंदूरकर

इतका खटाटोप कशाला? मुलींच्या पथकात पुरुष कार्यकर्ता नकोच. ढोल शिकवायलाही आता मुली तयार झाल्या आहेत. एक नियम करा, निम्मे प्रश्न संपतील.

शिबिरवाली

ताई, मुक्कामाच्या खोल्यांपाशी आणि रात्रीच्या देखरेखीला फक्त बायका, इथे मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे. पण निम्मे प्रश्न संपतील हे मान्य नाही. मुलींना अपमानित करणं, मारणं, एकीला लाडकी करून तिच्याकडून गुपितं पाळून घेणं हे बायकाही करतात. आणि पुरुष कार्यकर्ते काढलेत तरी बसचालक, स्वयंपाकी, साउंडवाला, फोटो काढणारा हे शिबिरात असतातच. त्यांना कुणी कार्यकर्ता म्हणत नाही, म्हणून त्यांचा अर्जच नसतो. गळती बहुतेक तिथे होते. त्यांच्यासाठी साधा नियम: गळ्यात ओळखपत्र, स्वयंपाकघर आणि मैदान सोडून फिरायचं नाही, मुलींशी एकट्याने काम काढायचं नाही, फोटो मंडळाच्याच कॅमेऱ्यावर.

आणखी एक गट विसरला जातो, अठरा-एकोणीस वर्षांच्या ताया. काल त्या याच पथकात होत्या, आज सोळा वर्षांच्या मैत्रिणींच्या प्रमुख. कायद्याने त्या प्रौढ, पण दोन प्रौढांत त्यांना मोजू नका. त्या दोन्ही प्रौढांचं वय एकवीसच्या वर असावं, ही ताई तिसरी मदतनीस. आणि अठरा पूर्ण झाल्या दिवशी तिलाही तोच अर्ज.

नर्मदातीर यांच्या ‘दुसरी ताई आजारी पडली तर’ यावर उपाय आहे. दर रविवारी दोन पालकांची पाळी लावा, वीस मुली असतील तर प्रत्येक घराची पाळी दहा आठवड्यांनी येते. पालकाने शिकवायचं नाही, फक्त हजर राहायचं. तोही कमी पडला तर वर्ग रद्द न करता मंदिराच्या ओट्यावर किंवा बागेत, जिथे येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसतं अशा जागी घ्या. बंद सभागृहात एकटीने मात्र नाही. नवरा-बायको मिळून दोन प्रौढ धरू नका. आपल्याकडची बरीच शिबिरं जोडपी चालवतात आणि ती मनापासून चालवतात, पण एकाविरुद्ध तक्रार आली की दुसऱ्याने साक्षीदार व्हायचं की संसार सांभाळायचा? त्या पेचात कुणाला टाकूच नये.

मुक्कामात काय बिघडतं ते सांगते. रात्री एखाद्या मुलीचं पोट दुखतं, ती ताईला उठवते, ताई तिला आपल्या खोलीत घेऊन झोपवते. हेतू मायेचा, पण नियम मोडला आणि दुसऱ्या दिवशी त्याची नोंदही नाही. म्हणून मोठ्यांची झोपायची खोली वेगळी पण लागूनच, औषधाची पेटी बाहेर व्हरांड्यात दिव्याखाली, आणि आजारी मुलीजवळ दोघीजणी. अंघोळीच्या वेळा मुलींच्या वेगळ्या, मोठ्यांच्या वेगळ्या. मोजणी बसमध्ये चढताना, उतरताना, जेवणाआधी आणि दिवे मालवताना, नावाने, नुसत्या आकड्याने नाही. चोरल किंवा पाताळपाणीला नेलंत तर पाण्याजवळ दर अर्ध्या तासाने.

नर्मदातीर

पालकांची पाळी चांगली कल्पना आहे, ती मी मानतो. ढोल सरावाचं मात्र सांगा. गणपतीआधी सराव रात्री नऊ-साडेनऊला संपतो. मुलीला दादाने दुचाकीवर घरी सोडायचं नाही, तर काय एकटी जाऊ द्यायची?

रामबागकर

पालक घ्यायला येतील अशीच वेळ ठेवायची. रात्री साडेनऊ ही वेळच चुकीची आहे. साडेसातला सराव संपवा. नोंदणीच्या वेळी पालकांकडून घ्यायला येणाऱ्या दोन माणसांची नावं लेखी घ्यायची, त्याबाहेरचं कुणी आलं तर आईला फोन. शेवटची मुलगी जाईपर्यंत दोघं फाटकाबाहेर दिव्याखाली थांबतील. दुचाकीवर एकटीला सोडणं हा आपल्याकडे सर्वांत जास्त मोडला जाणारा नियम आहे, आणि मोडणारा दर वेळी भला माणूसच असतो. पण एकदा ती सवय झाली की ज्याचा हेतू वाईट आहे त्यालाही वेगळं काही करावं लागत नाही. तो त्याच सवयीच्या आड लपतो.

नर्मदातीर

ठीक. पण माझी खरी हरकत वेगळीच आहे. मुलगी ताईकडे येते ती घरी सांगता येत नाही ते सांगायला. पाळी चुकली, काका त्रास देतो, बाबा पिऊन मारतात. दर वेळी दुसरं माणूस शेजारी बसवलंत तर ती तोंड उघडणारच नाही. महिला आणि बालविकास मंत्रालयाच्या २००७ च्या अभ्यासात १३ राज्यांतली १२ हजारांहून अधिक मुलं होती, आपला मध्य प्रदेशही त्यात होता. निम्म्याहून अधिक मुलांनी कुठला ना कुठला लैंगिक छळ झाल्याचं सांगितलं, आणि त्यातल्या बहुतेकांनी तो आधी कुणालाच सांगितला नव्हता. असं असताना सांगायची एकुलती एक जागाही तुम्ही बंद करताय. तुमची देखरेख मुलींना वाचवण्यापेक्षा मंडळाला वाचवण्यासाठी आहे असं मला वाटतं.

शिबिरवाली

हा या धाग्यातला सगळ्यात मोलाचा आक्षेप आहे. उत्तर असं: दिसलं पाहिजे, ऐकू नाही आलं पाहिजे. मैदानाच्या कडेला बाकावर, व्हरांड्याच्या टोकाला, दार उघडं ठेवून. दुसरी ताई वीस पावलांवर आपलं काम करत राहील. मुलीला तेवढा एकांत पुरतो. पुरत नाही तो बंद खोलीतला आणि इन्स्टाग्रामवरचा, आणि तो मागणारी बहुतेक वेळा मुलगी नसतेच. संदेश गटावरच, गटात दोन प्रौढ आणि पालक. आपोआप पुसले जाणारे संदेश बंद, रात्री नऊनंतर काही नाही. मुलीने आपणहून खाजगी संदेश पाठवला तर तोडून टाकू नका. ‘वाचलं, उद्या भेटून बोलू’ एवढं लिहून दुसऱ्या ताईला त्याच वेळी कळवा.

मुलाखतीत हाच प्रश्न विचारावा: मुलगी म्हणाली ‘दार लावा, कुणाला सांगणार नाही असं वचन द्या’, तर काय कराल? चांगली माणसंसुद्धा पटकन ‘वचन देईन’ म्हणतात. त्यांना नाकारू नका, शिकवा. वचन द्यायचं ते इतकंच: ‘तुला मदत करू शकतील त्यांनाच सांगेन, आणि आधी तुला सांगेन.’

न्यायवाटा

कारण ते वचन पाळणं कायद्याने शक्यच नाही. पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे गुन्हा झाल्याचं कळलं किंवा होण्याची भीती वाटली तरी कुणाही व्यक्तीने पोलिसांना किंवा विशेष बालपोलीस पथकाला कळवायचं आहे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाबद्दल लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. सद्भावनेने कळवणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही.

मंडळं इथेच चुकतात. आधी आपापसात बैठक, मग मुलीला चार जणांसमोर बसवून पुन्हा पुन्हा विचारणं, मग त्या माणसाला बोलावून ‘खरं का?’ अशी विचारणा. यात मुलगी घाबरून फिरते आणि पुरावा जातो. काही जण प्रकरण कार्यस्थळावरच्या छळाच्या अंतर्गत समितीकडे नेतात, पण अल्पवयीन मुलीवरचा लैंगिक गुन्हा त्या समितीने मिटवायची बाब नव्हे. मुलीचे शब्द तिच्याच भाषेत, तारीख-वेळेसह त्याच दिवशी लिहून ठेवा. जास्तीचे प्रश्न नकोत. १०९८ या बालमदत क्रमांकावर फोन करता येतो. पालकांना हेही सांगा की जबाब मुलीच्या घरी किंवा तिला हव्या त्या जागी, शक्यतो महिला उपनिरीक्षक, साध्या वेशात घेते. थाण्यात जावं लागेल या भीतीने बरेच जण गप्प बसतात.

तक्रार आली की त्या माणसाचं काम त्याच दिवशी थांबवायचं. ती शिक्षा नव्हे, हे अर्जातच लिहून घेतलेलं असावं.

जुनी इंदूरकर

आणि आरोप खोटा निघाला तर? आपला समाज इंदुरात एवढासा. एकदा नाव गेलं की माणूस सार्वजनिक गणपतीतही उभा राहू शकत नाही.

न्यायवाटा

म्हणूनच तीनच माणसांना कळायला हवं: अध्यक्ष, नेमलेली संपर्क-ताई आणि तिसरी व्यक्ती मंडळाबाहेरची. गटावर एक ओळही नाही. मुलीची ओळख उघड करणं तर गुन्हाच आहे. मुद्दाम खोटी तक्रार करणाऱ्या मोठ्या माणसाला कायद्यात शिक्षा आहे, मुलाला नाही.

नर्मदातीर

पोलिसांपर्यंत जाण्यासारखं काही नाही, पण वागणं पटत नाही, अशा माणसाचं काय? मुलींना रिचार्ज करून देणारा, सगळ्यांआधी येऊन शेवटी जाणारा, दोनदा सांगूनही दुचाकीवर सोडणारा. आपण त्याला ‘पुढच्या वर्षी नको’ म्हणतो, आणि तो दोन महिन्यांत दुसऱ्या मंडळात. त्यांना सांगितलं तर बदनामी, नाही सांगितलं तर पाप. माझ्या मते लेखी काही ठेवूच नये.

रामबागकर

लेखी ठेवायलाच हवं, आणि विचारणाऱ्याला सांगायलाही हवं. अमेरिकेतल्या बॉय स्काउट्सनी नको असलेल्या कार्यकर्त्यांच्या फायली अनेक दशकं ठेवल्या, पण कपाटात. २०१२ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने त्या उघड झाल्या. २०२० मध्ये संस्थेने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि तिच्यावर लैंगिक छळाचे ८० हजारांहून अधिक दावे आले.

न्यायवाटा

फाईलमध्ये ‘संशयास्पद’ असं विशेषण लिहू नका, घडलं तेच लिहा: ‘अमुक तारखेला आणि अमुक तारखेला, लेखी सूचना देऊनही, एका मुलीला एकट्याने दुचाकीवर सोडलं. म्हणून काम थांबवलं.’ ज्या संस्थेचा संबंध आहे तिलाच, विचारल्यावर, सद्भावनेने दिलेली खरी माहिती बदनामीच्या अपवादात बसते. शिवाय पहिल्याच अर्जात सही घ्या की ‘दुसऱ्या संस्थेने विचारल्यास माझ्या कामाचा काळ आणि ते थांबवण्याचं कारण मंडळ सांगेल.’ आधारची प्रत घ्याल ती शेवटचे चारच आकडे दिसणारी, आणि सगळे अर्ज कुलपात, कुणाच्या मोबाइलमध्ये नाही.

नर्मदातीर

या सहीला माझी हरकत नाही. थाण्याच्या सत्यापनाशिवाय रविवारचा वर्ग सुरू राहू द्यावा, हे माझं मत मात्र कायम आहे. निवासी शिबिराला सत्यापन सक्तीचं, साप्ताहिक वर्गाला पालकांची पाळी आणि संदर्भाचे फोन. अर्जाचा नमुना कुणी तयार केला असेल तर इथे टाका, माहेरच्या नावाचा रकाना धरून.