लशीनं कुत्र्याचं थायरॉईड बिघडतं का? दरवर्षीचं नाइन-इन-वन थांबवावं का?

टिळकवाडीकर
बेळगावात कुठल्याही पाळीव कुत्र्याचं लशीचं कार्ड उघडून बघा. दरवर्षी रेबीज, दरवर्षी नाइन-इन-वन (डिस्टेंपर, पार्वो, लेप्टो अशा अनेक आजारांची एकत्र लस), कुत्रं म्हातारं होईपर्यंत. हे चुकतंय, असं माझं ठाम मत आहे.

डिस्टेंपर, पार्वो आणि अ‍ॅडिनोव्हायरस या तिन्हींच्या लशी जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूंच्या असतात. पिल्लाचे डोस नीट झाले आणि त्यानंतरचा बूस्टर झाला की त्यांचं संरक्षण किमान तीन वर्षं टिकतं. जागतिक लघुप्राणी पशुवैद्यक संघटनेच्या मार्गदर्शिकेतही तीन वर्षांच्या आत पुन्हा टोचू नका असंच आहे. मग आपल्याकडे वर्षाला एक सुई कशासाठी?

आता थायरॉईडचं बघू. लशीचे विषाणू पेशींवर वाढवताना वासराचं रक्तद्रव वापरतात. त्याचा अंश लशीत उरतो, आणि त्यात गाईचं थायरोग्लोब्युलिन, म्हणजे थायरॉईड ग्रंथीतलं प्रथिन, असतं. कुत्र्याचं शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं आणि ती कुत्र्याच्या स्वतःच्या थायरोग्लोब्युलिनलाही चिकटतात. कुत्र्यातला थायरॉईडचा आजार बऱ्याचदा शरीरानं स्वतःच्याच ग्रंथीवर केलेल्या हल्ल्यातून होतो. डॉबरमन, गोल्डन, बीगल, बॉक्सर, कॉकर यांच्यात तो जास्त. अशा जातींना दरवर्षी चेतवत राहणं म्हणजे विस्तवाला फुंकर घालणं. म्हणून माझं म्हणणं: पहिल्या बूस्टरनंतर नाइन-इन-वन बंद करा, आणि थायरॉईड असलेल्या कुत्र्याला रेबीजसुद्धा तीन वर्षांतून एकदाच द्या.

खानापूर_पशुवैद्य
तीन वर्षांचा मुद्दा मान्य. थायरॉईडच्या मुद्द्यात अर्धी गोष्ट सांगून थांबलात, म्हणून लिहितो.

गाईच्या थायरोग्लोब्युलिनचा मुद्दा अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या कामातून आला. लस दिलेल्या काही कुत्र्यांत ही प्रतिपिंडं वाढलेली दिसली, हे खरं. पण त्याच गटानं पुढं बीगल कुत्र्यांना काही वर्षं पुन्हा पुन्हा लस देऊन त्यांच्या थायरॉईड ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या आणि २००६ मध्ये निष्कर्ष छापला. ग्रंथीची सूज काही कुत्र्यांत होती, पण तिचा लशीशी संबंध जुळला नाही. प्रतिपिंडं रक्तात सापडणं वेगळं आणि ग्रंथी झिजणं वेगळं. घराजवळ पोलीस दिसला म्हणून घरात चोरी झाली असं होत नाही.

हल्ला करणाऱ्या पेशी ग्रंथीत शिरतात ते मुख्यतः वंशातून आलेल्या कलानं. लस बंद करून डॉबरमनचा वंश बदलत नाही. आणि एकदा थायरॉईड कमी झालं, गोळी सुरू झाली, कुत्रं स्थिर झालं, तर लस टाळायचं काहीच कारण नाही. पुढं ढकलायची ती कुत्रं तापानं आजारी असेल किंवा स्टेरॉईडचा मोठा डोस चालू असेल तेव्हा.

तुमच्या "नाइन-इन-वन बंद" मध्ये लेप्टोही (लेप्टोस्पायरा जिवाणूंच्या आजारावरची लस) बंद होतो, हे ध्यानात घ्या. लेप्टोची लस मेलेल्या जिवाणूंची. तिचं संरक्षण जेमतेम वर्षभर. जांबोटी, कणकुंबीकडचा पाऊस बघा. खाचरात पाणी साठतं, घुशी-उंदीर त्यात मुततात, आणि पायाला ओरखडा असलेलं कुत्रं त्याच पाण्यातून चालतं. यकृत आणि मूत्रपिंड दोन्ही जातात, आणि कुत्र्याच्या लघवीतून घरच्या माणसांनाही लागण होते. खानापूर तालुक्यात लेप्टोची लस दरवर्षीच द्यायची, आणि तीही मेअखेर, पावसाच्या आधी.

निपाणी_श्वान
ओ टिळकवाडीकर, "थायरॉईड असेल तर रेबीज तीन वर्षांनी" हे वाक्य कृपा करून दुरुस्त करा. लोक वाचून तसंच करालेत.

रेबीजची किती दिवसांनी, हे थायरॉईड ठरवत नाही, बाटलीवरचं लेबल ठरवतं. काही लशींवर वर्षाची मुदत आहे, काहींवर तीन वर्षांची. वर्षाची लस टोचून तीन वर्षं थांबलात तर मधली दोन वर्षं कुत्रं उघडं. भटकी कुत्री रस्त्यारस्त्यावर आहेत, पाळीव कुत्रं फाटकाबाहेर पाच मिनिटं गेलं तरी भांडण होतं. भटकं कुत्रं चावलेल्या पाळीव कुत्र्याची लस मुदतीत असेल तर जखम साबणानं पंधरा मिनिटं धुऊन लगेच पुन्हा टोचतात. मुदतीत नसेल तर पाच-पाच सुया, महिनोन्‌महिने वेगळं बांधणं, आणि घरच्या सगळ्यांचा जीव टांगणीला. रेबीजची लक्षणं दिसल्यावर कुत्रं वाचत नाही, माणूसही जवळजवळ वाचत नाही. पैशाचा प्रश्न असेल तर २८ सप्टेंबरच्या जागतिक रेबीज दिनाच्या सुमारास मोफत लसीकरणाची शिबिरं लागतात.

टिळकवाडीकर
रेबीजबद्दलचं वाक्य मागे घेतो. लेबलप्रमाणे द्यावी, हेच बरोबर.

पण खानापूरकर डॉक्टर, त्या बीगलांच्या अभ्यासातली कुत्री मोजकी होती आणि एकाच जातीची, प्रयोगशाळेत वाढलेली. त्यावरून डॉबरमनचं काहीच बिघडत नाही असं छातीठोक कसं म्हणता? आणि थायरॉईड सोडून द्या, दहा किलोच्या आतल्या कुत्र्यांना एका वेळी जास्त लशी दिल्या की प्रतिक्रिया जास्त येतात, हे तर मोठ्या संख्येच्या नोंदींतून दिसलंय. तोंड सुजणं, अंगावर गांधी उठणं, उलट्या. पॉमेरियन, शिह त्झूला एकाच दिवशी नाइन-इन-वन आणि रेबीज दोन्ही टोचायची घाई कशाला?

खानापूर_पशुवैद्य
छोट्या कुत्र्यांचं पटलं. त्यांना दोन लशींमध्ये तीन-चार आठवडे ठेवा, आणि टोचल्यावर अर्धा तास दवाखान्यातच बसा. मात्र कुत्रं छोटं म्हणून अर्धा डोस मागू नका. लस वजनावर ठरत नाही. चिहुआहुआला आणि ग्रेट डेनला एकच मिलिलिटर. अर्धा दिलात तर संरक्षण धड नाही आणि प्रतिक्रियेचा धोका मात्र तसाच.

डॉबरमनचं म्हणाल तर मी "काहीच बिघडत नाही" असं म्हटलंच नाही. "बिघडतं" याला पुरावा नाही, असं म्हणतोय. पार्वो मात्र डोळ्यांसमोर आहे. रक्ताचे जुलाब, उलट्या, दोन दिवसांत पिल्लू सुकतं, आणि विषाणू अंगणातल्या मातीत महिनोन्‌महिने जिवंत राहतो.

शहापूर_लॅब
या वादात एक गोष्ट दोघांच्याही नजरेतून सुटली. ज्यांना "थायरॉईड निघालं" म्हणून सांगतात, त्यातल्या कितीतरी कुत्र्यांना थायरॉईड नसतंच. रिपोर्ट चुकीचा वाचलेला असतो, आणि मग दोष लशीवर जातो.

नमुना माणसांच्या लॅबमध्ये जातो. तिथं टीएसएच (थायरॉईडला चालना देणारं संप्रेरक) माणसाच्या किटवर होतं. कुत्र्याचं टीएसएच त्या किटला ओळखूच येत नाही, त्यामुळं आकडा जवळजवळ शून्य येतो आणि कुणीतरी "थायरॉईड जास्त आहे" म्हणून मोकळा होतो. कुत्र्यासाठी वेगळं, श्वानांचंच टीएसएच मागा. टी-४ (थायरॉईडचं मुख्य संप्रेरक) ची मर्यादाही माणसाची लावू नका. कुत्र्याचा एकूण टी-४ साधारण १ ते ४ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर असतो, माणसापेक्षा बराच खाली. निपाणी, चिकोडीकडची लोकं नमुना कोल्हापूर-पुण्याला पाठवतात, तिकडून आकडा नॅनोमोल प्रति लिटरमध्ये आला तर १२.८७ नं भागा. ४० नॅनोमोल म्हणजे सुमारे ३.१, म्हणजे अगदी ठीक.

नुसता टी-४ कमी आला म्हणून गोळी सुरू करू नका. कुठल्याही मोठ्या आजारात टी-४ खाली जातो. आपल्याकडे याचं एक मोठं कारण गोचीड. एर्लिकिया, बबेसिया हे गोचिडातून लागणारे आजार असलेलं कुत्रं मलूल असतं, खात नाही, टी-४ कमी येतो. प्लेटलेट बघा, रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली बघा. एर्लिकियाला डॉक्सिसायक्लिनचा साधारण चार आठवड्यांचा कोर्स असतो, तो पुरा होऊ दे, मग थायरॉईड तपासा. फिटसाठीचं फिनोबार्बिटल, प्रेडनिसोलोन, सल्फाची औषधं यांनीही टी-४ घटतो.

खरं थायरॉईड असेल तर टी-४ आणि फ्री टी-४ (रक्तात मोकळा असलेला टी-४) कमी, श्वान टीएसएच बऱ्याचदा जास्त, कोलेस्टेरॉल वाढलेलं, आणि अंगावर खूण. दोन्ही कुशींवरचे केस सारख्याच जागी विरळ होतात, पण खाज नसते. शेपटी उंदरासारखी उघडी पडते. कुत्रं चुलीपाशी, उन्हात जाऊन पडतं. नुसता जाडेपणा हे लक्षण धरू नका. नसबंदीनंतर भूक तीच राहते, गरज कमी होते, आणि वर रोज कुंद्याचा (बेळगावी मिठाईचा) तुकडा मिळतो, त्याला थायरॉईड म्हणत नाहीत.

लशीपुरतं सांगायचं तर थायरोग्लोब्युलिनच्या प्रतिपिंडांची तपासणी लशीनंतर लगेच केली तर खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. दीड-दोन महिने जाऊ द्यावेत.

अथणी_मुधोळवाला
शहापूरच्या दादांच्या म्हणण्यात एक भर. इकडं अथणी, रायबाग, जमखंडीला मुधोळ, म्हणजे करवान कुत्री खूप. ती शिकारी, लांब पायांची, नजरेनं सावज धरणारी जात. ग्रेहाउंड, सालुकी यांसारख्या अशा जातींत टी-४ मुळातच कमी असतो आणि तो त्यांच्यासाठी निरोगीच असतो. मुधोळचा टी-४ लॅब्राडोरच्या तक्त्यात बसवून गोळी सुरू करू नये. फ्री टी-४, श्वान टीएसएच आणि कुत्र्याकडे प्रत्यक्ष बघणं, तिन्ही जुळल्याशिवाय नाही.

आणि कच्चं मटण घालणाऱ्यांसाठी: खाटकाकडून नरड्याचे तुकडे आणू नका. त्यात जनावराची थायरॉईड ग्रंथी येते. ती खाऊन कुत्र्याचा टी-४ उलट वर जातो, धाप लागते, वजन उतरतं.

चिकोडी_औषधवाला
गोळीबद्दल, कारण दुकानात रोज हाच घोळ होतो. लेव्होथायरॉक्सिनचा, म्हणजे थायरॉईडच्या गोळीचा, सुरुवातीचा डोस कुत्र्याला किलोला २० मायक्रोग्रॅम, दर १२ तासांनी. म्हणजे २५ किलोच्या लॅब्राडोरला सकाळी ५०० आणि संध्याकाळी ५००. माणसाला दिवसाला किलोला दीड-पावणेदोन मायक्रोग्रॅम पुरतात, त्यामुळं चिठ्ठी बघून दुकानदार "डॉक्टरांनी शून्य जास्त लिहिलं" म्हणतो आणि ५० देतो. दोन महिने केस येत नाहीत, आणि मग पुन्हा "लशीनंच बिघडलं". शून्य बरोबर आहे, कुत्रं ही गोळी फार लवकर जिरवतं. हृदयाचा आजार असेल तर मात्र कमी डोसनं सुरुवात.

गोळी जेवणाआधी तासभर, किंवा रोज जेवणासोबतच. एक दिवस असं, एक दिवस तसं नको, कारण अन्नात शोषण कमी होतं. कॅल्शियम, लोहाची औषधं त्याच वेळी देऊ नका. चार ते आठ आठवड्यांनी रक्त तपासा, गोळी दिल्यावर ४ ते ६ तासांनी नमुना घ्या. हुरूप एक-दोन आठवड्यांत येतो, केसांना चार-पाच महिनेही लागतात.

टिळकवाडीकर
सगळं वाचून माझं मत बदललं ते इतकं: रेबीज लेबलप्रमाणे, लेप्टो दरवर्षी. पण पार्वो-डिस्टेंपर दरवर्षी नकोच, यावर ठाम आहे. शंका वाटली तर रक्तातली प्रतिपिंडं मोजून बघावीत, टायटर म्हणतात ते. मोजण्यापुरती आहेत म्हटल्यावर सुई कशाला?

निपाणी_श्वान
टायटरचा खर्च लशीपेक्षा जास्त आणि सोय बेळगावातसुद्धा सगळीकडे नाही. गावाकडं तुम्ही "टायटर करा" म्हटलंत की तो माणूस ना टायटर करणार ना लस देणार. आमचा खरा प्रश्न वेगळाच आहे. लोक मेडिकलमधून बाटली घेतात, एप्रिलच्या उन्हात पँटच्या खिशात घालून खानापूरपर्यंत पंचवीस किलोमीटर मोटारसायकलवर जातात आणि घरीच टोचतात. २ ते ८ अंशांत ठेवायची गोष्ट. उन्हात जिवंत लस मरते, कार्डावर मात्र "झाली" असं लिहिलेलं असतं.

आणि पिल्लांचं वेळापत्रक पाळतच नाहीत. आईच्या दुधातली प्रतिपिंडं लस निकामी करतात, म्हणून सहा-आठ आठवड्यांपासून दर दोन ते चार आठवड्यांनी डोस, आणि शेवटचा सोळा आठवड्यांनंतरच. बारा आठवड्यांवर "तीन झाल्या, संपलं" म्हणून थांबलेलं पिल्लू पार्वोनं जातं आणि लोक लशीला नावं ठेवतात.

टिळकवाडीकर
पिल्लांबद्दल शंभर टक्के मान्य. पण डॉक्टर, मोठ्या कुत्र्याला फक्त लेप्टो मागितला तर "वेगळा येत नाही, सगळं एकत्रच" म्हणून सांगतात. मग तीन वर्षांचा नियम पाळायचा कसा?

खानापूर_पशुवैद्य
खोक्यात दोन बाटल्या असतात. एकीत तळाला पांढरी कोरडी वडी, दुसरीत द्रव. डिस्टेंपर, पार्वो, अ‍ॅडिनो वडीत असतात. बऱ्याच कंपन्यांच्या लशीत द्रव म्हणजेच लेप्टो असतो. तो वडीत न मिसळता एकटा टोचता येतो. काहींच्या खोक्यात द्रव म्हणजे नुसतं निर्जंतुक पाणी, ते टोचून काही उपयोग नाही. म्हणून द्रवाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचायला सांगा: "लेप्टोस्पायरा" लिहिलेलं असेल तरच. आधी कधीच लेप्टो दिला नसेल, किंवा मधे दीड वर्षापेक्षा जास्त खंड पडला असेल, तर एक डोस पुरत नाही. दोन ते चार आठवड्यांनी दुसरा लागतो. आणि बाटलीवरचा स्टिकर सोलून कार्डावर लावून घ्या, बॅच नंबरासकट. "नाइन-इन-वन दिलं" एवढंच लिहिलेलं असेल तर वडी दिली की नुसता द्रव, हे पुढच्या वर्षी कुणालाच कळणार नाही.