कारखान्यातल्या पीसीला छोटा बोर्ड : मिनी आयटीएक्स नको, मायक्रो एटीएक्सच घ्या

जकार्डवाला_साखरपेठ
सोलापुरात साखर पेठेत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. जकार्डची (मागावर विणतानाच उमटणाऱ्या नक्षीची) डिझाइनं मी वरच्या खोलीत पीसीवर करतो. पीसी २०१२ चा. इंटेलचा थर्ड जनरेशन आय५ प्रोसेसर, एच६१ मदरबोर्ड, ८ जीबी डीडीआर३ रॅम. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि या मशीनवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. म्हणजे प्रोसेसर, बोर्ड, रॅम तिन्ही बदलणं आलं. जुनी डीडीआर३ नव्या बोर्डात बसतच नाही. बजेट सगळं मिळून २५ हजार.

टेबलावर स्कॅनर, नमुने, सुताचे कोन यातच जागा संपते, म्हणून पंधरा दिवस मिनी आयटीएक्स या छोट्या मापाच्या मदरबोर्डाच्या मागे होतो. आता माझं ठाम मत झालंय की आपल्यासारख्यांनी त्या वाटेला जाऊ नये. १७० बाय १७० मिलिमीटरचा बोर्ड देखणा दिसतो, पण त्याच चिपसेटचा (बोर्डावरच्या मुख्य चिपचा) मायक्रो एटीएक्स, म्हणजे त्याहून मोठ्या मापाचा बोर्ड, स्वस्तात येतो. वर बऱ्याच छोट्या कॅबिनेटला एसएफएक्स एसएमपीएस (लहान मापाचा पॉवर सप्लाय) लागतो, तोही महाग. एवढं करून वेग तेवढाच! ते पैसे मी एनव्हीएमई एसएसडीला (वेगवान डिस्कला) आणि १६ जीबी रॅमला लावीन. मोठी चादरीची डिझाइन उघडली की मशीन दोन-दोन मिनिटं अडकतं, आणि तोवर खाली माग थांबलेला असतो.

छोटाडबा
दादा, हिशेब अर्धाच मांडलात. मिनी आयटीएक्सची चारही भोकं मोठ्या कॅबिनेटमध्ये जुळतात. आज आहे त्याच डब्यात साध्या एसएमपीएसवर बोर्ड लावा, वर्षभराने छोटा डबा घ्या. मायक्रो एटीएक्स २४४ बाय २४४ पर्यंत जातो, तो नंतर लहान डब्यात जाणार नाही. रॅमचे स्लॉट म्हणाल, तर स्वस्तातल्या एच६१० किंवा ए५२० चिपसेटच्या मायक्रो एटीएक्सवरही दोनच असतात. शिवाय बऱ्याच मिनी आयटीएक्सवर वायफाय बोर्डातच मिळतं. जागा कमी असलेल्या माणसाला मोठा बोर्ड घ्यायला लावणं मला पटत नाही.

जकार्डवाला_साखरपेठ
भोकांचं बरोबर आहे, ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं. पण माझी खरी अडचण सॉफ्टवेअरच्या लॉकची आहे. लॉक म्हणजे सॉफ्टवेअर चालायला पीसीला जोडावी लागणारी छोटी किल्ली. तो जुन्या पॅरलल पोर्टवर (पूर्वी प्रिंटर लागायचा त्यावर) लागतो, म्हणजे पोर्टचं कार्ड घालावं लागेल. मिनी आयटीएक्सवर कार्डासाठी एकच पीसीआयई स्लॉट. मायक्रो एटीएक्सवर दोन-तीन तरी मिळतात.

छोटाडबा
तुम्ही ग्राफिक कार्ड घेणारच नाही ना? आय३-१२१०० किंवा रायझन ५ ५६००जी घेतलात तर डिस्प्ले प्रोसेसरमधूनच मिळतो. मग तो एक स्लॉट मोकळाच. एक्स१ चं (आखूड) पोर्ट कार्ड एक्स१६ च्या (लांब) स्लॉटमध्ये व्यवस्थित चालतं.

एएम५_समर्थक
दोघंही जुन्यात अडकलाय. रायझन ५६००जी चं सॉकेट (प्रोसेसर बसतो ती जागा) एएम४ २०१६ चं, आय३ चं एलजीए१७०० २०२१ चं. पुढच्या प्रोसेसरची वाट दोन्हीकडे बंद. एएम५ हे नवं सॉकेट घेतलं तर बोर्ड न बदलता पुढं प्रोसेसर टाकता येईल.

जकार्डवाला_साखरपेठ
एएम५ ला डीडीआर५ च लागते, आणि २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव भडकले. मी बारा-तेरा वर्षांनी मशीन बदलतोय. मधे प्रोसेसर टाकणाऱ्यांतला मी नाही.

दुरुस्ती_नवीपेठ
मी २० वर्षं मशीन उघडतोय, म्हणून बोलतो. पूर्व भागातल्या कारखान्यांतून येणाऱ्या पीसीत सुताचे तंतू पंख्यावर नमद्यासारखे बसलेले असतात. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा ४३-४४ ला जातो. ६५ वॉटच्या प्रोसेसरने बोर्ड जळत नाही, पण छोट्या डब्यात हवा कोंडते आणि साफ करायला सगळं उसवावं लागतं. मोठ्या डब्याचं झाकण तुम्ही स्वतः काढून दर महिन्याला ब्लोअर माराल. आणि बोर्ड गेला तर एच६१० चा मायक्रो एटीएक्स इथल्या कुठल्याही दुकानात संध्याकाळपर्यंत मिळेल, मिनी आयटीएक्स पुण्याहून मागवावा लागेल. माग चार दिवस कोण थांबवणार?

छोटाडबा, कार्डाबद्दल एक. जुने लॉक बहुतेकदा पोर्टचा ३७८ हा ठरावीक पत्ता शोधतात. पीसीआयई कार्डाला दुसराच पत्ता मिळतो आणि लॉक सापडत नाही. काही मायक्रो एटीएक्स बोर्डांवर आजही पॅरलल पोर्टचं हेडर (केबल जोडायच्या पिना) असतं. ते बघून घ्या.

छोटाडबा
पत्त्याचा मुद्दा मान्य. उन्हाचा मान्य नाही. जाळीचं कॅबिनेट आणि बाहेरून फिल्टर लावला तर लहान डबाही थंड राहतो, माझा होटगी रोडला दोन उन्हाळे चाललाय.

दुरुस्ती_नवीपेठ
तुमच्या घरात माग नाहीत ना.
जकार्डवाले, बोर्डाआधी एक तपासा. 'धिस पीसी'वर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. सिस्टीम ३२ बिट आहे की ६४? रॅम किती वापरण्याजोगी दिसते?

जकार्डवाला_साखरपेठ
३२ बिट. ८ जीबीपुढं कंसात ३.४५ वापरण्याजोगी.

दुरुस्ती_नवीपेठ
तेच वाटलं होतं. तुमची अर्ध्याहून जास्त रॅम इतकी वर्षं नुसती पडून आहे, म्हणून चादरीची फाइल अडकते. आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं. लॉकचा ड्रायव्हर ३२ बिटचा असेल तर कुठलाही बोर्ड आणा, सॉफ्टवेअर उघडणार नाही. आधी सॉफ्टवेअरवाल्यांना फोन करून ६४ बिट ड्रायव्हर किंवा यूएसबी लॉक मिळतो का विचारा. तोवर बोर्डाचे पैसे देऊ नका.

जकार्डवाला_साखरपेठ
फोन केला. यूएसबी लॉक बदलून देतात, पण वेगळे पैसे घेतात. म्हणजे २५ हजारांतून तेही जाणार. आता तर मिनी आयटीएक्सला वावच नाही. एच६१० चा मायक्रो एटीएक्स, डीडीआर४ चा, आणि १६ जीबीची एकच काडी. दुसरा स्लॉट दिवाळीत भरीन. कॅबिनेट टेबलाखाली लाकडी पाटावर ठेवतो, सुतापासून वर.

छोटाडबा
पाटाची उंची वीतभर तरी ठेवा, खालून हवा मिळेल.