२.४ किमी आणि २.३५ किमी: फरक काढताना मुलगी कुठे अडते?

प्रश्न (पालक):
माझी मुलगी पाचवीत आहे. ‘घरापासून शाळा २.४ किमी आणि वाचनालय २.३५ किमी अंतरावर आहे. कोणते ठिकाण जास्त लांब व किती?’ या उदाहरणात तिने वाचनालय लांब ठरवले आणि ३५ मधून ४ वजा करून ०.३१ किमी असे उत्तर लिहिले. दशांश चिन्हाखाली दशांश चिन्ह मांडायचे, हा नियम तिला पाठ आहे; तरीही पस्तीस चारपेक्षा मोठे, हे तिच्या मनातून जात नाही. कसे समजवावे?

उत्तर १ (प्राथमिक शिक्षिका):
चूक वजाबाकीच्या आधी, वाचनातच झाली आहे. आपण ‘दोन पॉइंट पस्तीस’ म्हणतो, त्यामुळे चिन्हापुढचे अंक मुलांना वेगळी पूर्ण संख्या वाटतात. म्हणून ‘दोन पॉइंट तीन पाच’ असेच वाचून घ्यावे. रुपये-पैशांचे उदाहरण मी सुरुवातीला टाळते, कारण ‘पस्तीस पैसे’ म्हटले की तोच समज पक्का होतो. अंतरे मीटरमध्ये लिहू द्या: २४०० आणि २३५०. शाळाच ५० मीटर लांब आहे, हे तिला दिसेल.

उत्तर २ (क्रीडाशिक्षक):
मीटरचा उपाय पडताळ्याला उत्तम आहे, पण तेवढ्यावर थांबल्यास दशांशांची वजाबाकी शिकायची राहून जाते. लांब उडीत बॉब बीमन यांनी १९६८ मध्ये मेक्सिको सिटीत ८.९० मीटरचा विश्वविक्रम केला आणि १९९१ मध्ये टोकियोत माइक पॉवेल यांनी ८.९५ मीटर उडी मारून तो मोडला. पहिल्या नोंदीतले शून्य झाकले, तर मुलगी ९५ मधून ९ वजा करून ०.८६ म्हणेल, शून्य उघडले की ९० आणि ९५ शतांशांची तुलना होऊन फरक ०.०५ मीटर, म्हणजे पाच सेंटिमीटर येतो. ती पाच सेंटिमीटरची पट्टी आणि ८६ सेंटिमीटरची दोरी शेजारी ठेवून दाखवा. मग २.४ चे २.४० लिहून, शून्य शतांशांतून पाच जात नाहीत म्हणून एक दशांश मोडून दहा शतांश करायला सांगा.

पालक:
दोरी पाहताच तिने आपणहून वहीतले ०.३१ खोडले. नंतर मॅरेथॉनच्या ४२.१९५ किमीतून अर्धमॅरेथॉनचे २१.०९७५ किमी वजा करायला दिले, तेव्हा तिने ४२.१९५० लिहूनच सुरुवात केली. मात्र ‘वाचनालय शाळेपेक्षा किती जवळ?’ असे विचारले की ती अजूनही लहान संख्येतून मोठी वजा करू पाहते.

उत्तर १ (प्राथमिक शिक्षिका):
एका रेषेवर घर, वाचनालय आणि शाळा दाखवा व शेवटच्या दोन खुणांमधला तुकडा रंगवायला सांगा. ‘किती लांब’ आणि ‘किती जवळ’ या दोन्ही प्रश्नांना ती तोच तुकडा रंगवेल.