प्रतिसाद: अॅन जडसन यांच्याविषयी

वर कुणीतरी लिहिलंय की परदेशात गेलेल्या मिशनरी जोडप्यांत काम नवऱ्याचं आणि बायको फक्त घर सांभाळायची. ब्रह्मदेशात गेलेल्या जडसन दांपत्याकडे पाहून मला हे अजिबात पटत नाही.

अॅडोनिराम आणि अॅन यांचं लग्न फेब्रुवारी १८१२ मध्ये झालं आणि दोनच आठवड्यांत ते अमेरिकेहून जहाजात बसले. कलकत्त्यात ईस्ट इंडिया कंपनीने राहू दिलं नाही, मग मॉरिशस, मद्रास असं करत जुलै १८१३ मध्ये रंगून गाठलं. तिथे अॅडोनिराम दिवसभर पंडितासमोर बसून व्याकरण घोकत. अॅनला मात्र बाजार, नोकर, शेजारणी यांच्याशी सतत बोलावं लागे, त्यामुळे बोली बर्मीत ती त्यांच्या पुढे गेली. म्हणजे 'घर सांभाळणं' हीच तिची शाळा होती!

१८२४ च्या इंग्रज-बर्मी युद्धात हेर समजून अॅडोनिरामना आवा इथे तुरुंगात टाकलं. गरोदरपणातही अॅन अधिकाऱ्यांचे उंबरठे झिजवत होती. अॅडोनिराम करत असलेल्या बायबलच्या बर्मी भाषांतराचं हस्तलिखित तिने उशीत शिवून तुरुंगात त्यांच्याकडे पोचवलं. पुढे ती स्वतः इतकी आजारी पडली की बाळाला दूध पाजता येईना. तेव्हा कैदी बाप परवानगी काढून, बेड्यांसकट, तान्ह्या मुलीला गावातल्या बायांकडे दुधासाठी नेई. हा प्रसंग मला तुरुंगवासाच्या साऱ्या हकिकतीत सर्वांत जड वाटतो.

ऑक्टोबर १८२६ मध्ये अॅन गेली. संपूर्ण बर्मी बायबल १८३४ मध्ये पुरं झालं. त्याचं श्रेय देताना तिचंही नाव घ्यायलाच हवं.